अकरावी सायन्स: कुसगावची टिपणं

१
२०२५ ची बारावी. राज्यभरातून नोंदणी पंधरा लाखांच्या वर. त्यात विज्ञान ७,६८,९६७, कला ३,८०,४१०, वाणिज्य ३,१९,४३९. निम्म्याहून अधिक मुलं विज्ञान शाखेत. मग विज्ञानाला मुलं येत नाहीत ही ओरड कुठली? ती पुढच्या वळणावरची. बारावी झाली की यातली बहुतेक मुलं इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंगकडे जातात. भौतिकशास्त्र आवडतं म्हणून भौतिकशास्त्रच शिकणारं पोर शोधायला गावोगाव विचारत फिरावं लागतं.

आणि गावातल्या मराठी शाळेत उभं राहिलं तर ओरड दहावीच्या निकालापासूनच खरी आहे.

२
कुसगाव बुद्रुक, तालुका मावळ, लोणावळ्याला लागून. एक्स्प्रेस वे, डोंगर, आणि सिंहगड संस्थेचा मोठा कॅम्पस. इंजिनिअरिंग गावात येऊन पोचलंय. गावातल्या मुलांची त्याच्याशी पहिली ओळख होते ती भाड्याच्या खोल्या, मेसचे डबे आणि झेरॉक्सच्या दुकानातून.

३
"सायन्स घेऊ का?" असं विचारणाऱ्या पोराला घरातून परत येणारा प्रश्न: "डॉक्टर का इंजिनिअर?"

तिसरं उत्तर घरात कुणालाच माहीत नसतं. दोष घराचा नाही. तिसरं काम करणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही.

४
एका रिक्षावाल्या बापाचा हिशोब, त्याच्याच शब्दांत: "सर, पोरगी हुशार हाय, नाही कोण म्हणतंय? पण सायन्स म्हंजी क्लास. क्लास म्हंजी पुणं, नाहीतर पिंपरी. फी लाखाच्या पुढं. वर लोकलचा पास, वह्या, जर्नलं. आन् एवढं करून नंबर न्हाई लागला, तर?"

या "तर?"चं उत्तर शाळेने द्यायला हवं. बीएस्सीला क्लास लागत नाही. संख्याशास्त्र, भूशास्त्र असे कितीतरी रस्ते आहेत. सीईटी हुकली म्हणजे सायन्स वाया गेलं, ही समजूत गावात पक्की बसलीय. ती खोटी आहे हे कुणीतरी समोर बसून सांगायला पाहिजे.

५
मराठी माध्यमातून दहावी झालेल्या एका मुलीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक हातात घेतलं. पहिला धडा, युनिट्स अँड मेझरमेंट्स. प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ. एका परिच्छेदात तर छापलेल्या शब्दांपेक्षा पेन्सिलचे जास्त. दुसरा धडा, मॅथेमॅटिकल मेथड्स. तिथे पहिल्या पानावर चार-पाच अर्थ, मग एक प्रश्नचिन्ह, आणि पुढची पानं कोरी.

दुसऱ्या धड्यात काय आहे ते पाहिलं. सदिश, आणि थोडं कॅल्क्युलस. हे कॅल्क्युलस गणिताच्या तासाला शिकवतात ते गणिताच्या दुसऱ्या भागात, म्हणजे कितीतरी महिन्यांनी. शहरातल्या मुलाला ते क्लासवाल्याने उन्हाळ्याच्या सुट्टीतच शिकवलेलं असतं. ही मुलगी एकाच महिन्यात नवी भाषा आणि न शिकवलेलं गणित अशा दोन भिंतींवर आपटली. सहामाहीनंतर तिने शाखा बदलली. "झेपलं नाही," असं ती म्हणते. मला ते पटत नाही. तिला जे झेपण्यासारखं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

६
खोपोलीचं वीजघर १९१५ चं. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचं पाणी नळांतून घाट उतरतं आणि पाचशे मीटरहून अधिक खाली जाऊन चक्रं फिरवतं. आजची क्षमता ७२ मेगावॉट.

नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे आपल्या तलावातलं एक घनमीटर पाणी घाटाखाली गेलं की, घट धरली नाही तर, साधारण १.३६ युनिट. वीजघर पूर्ण क्षमतेने चालवायचं तर सेकंदाला पंधरा घनमीटरच्या आसपास पाणी लागेल.

हे गणित एका शाळेत फळ्यावर मांडलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला: "म्हणजे सर, भुशी डॅमवर पब्लिक भिजतं, त्या पाण्याची पण वीज होईल?" उंची किती मिळेल, पाणी किती महिने टिकेल, याच्यावर पुढचा अर्धा तास वर्ग भांडला. घंटा झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

७
शेजारच्या मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. नेते सेनापती बापट. ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले होते. वीज मुंबईला गेली, भातखाचरं इथली बुडाली. डोंगरापलीकडच्या माणसाला यंत्राविषयी जो दुरावा वाटतो, त्याचा विचार करताना हेही साल लक्षात ठेवावं.

८
अकरावी आर्ट्सचे तास दुपारपर्यंत संपतात. सायन्सला दुपारनंतर प्रॅक्टिकल. मग लोकल, मग पाऊस, मग अंधार. "दिवे लागायच्या आत घरी ये," या एका वाक्याने मावळातल्या किती मुलींची शाखा ठरवली असेल, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही.

९
शनिवार-रविवारी लोणावळ्यात गर्दी. बंगल्यांवर, हॉटेलात, पार्किंगला पोरं लागतात. दोन दिवसांचे पैसे हातात येतात. क्लासची टेस्ट रविवारीच असते.

१०
सकाळी साडेपाच. धुक्यात पळणारी पोरं. पोलीस भरती. कुठल्याही शाखेची बारावी चालते, म्हणून आर्ट्स.

याच डोंगराच्या कुशीत आयएनएस शिवाजी. १९४५ पासून नौदलाच्या तांत्रिक मनुष्यबळाचं प्रशिक्षण इथे होतं. नौदलात अग्निवीर एसएसआर म्हणून अर्ज करायचा तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. पळण्यात पहिला येणाऱ्या एका मुलाला हे बारावीनंतर कळलं. दहावीत कळलं असतं तर? त्याने खांदे उडवले आणि पुढची फेरी मारायला गेला.

११
कैवल्यधाम, लोणावळा, १९२४. स्वामी कुवलयानंद मूळचे संस्कृतचे विद्यार्थी, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाला क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि आत काय होतं ते पाहिलं. शरीरातला दाब मोजला. निष्कर्ष छापायला 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. परंपरेचा आदर होता, तरी मोजल्याशिवाय बोलायचं नाही असा बाणा. आपल्या इथे शाखा बदलण्याचा अर्ज फक्त सायन्सकडून आर्ट्सकडे जातो. कुवलयानंदांनी तो उलटा भरला होता.

१२
दहावी विज्ञान: लेखी ८०, अंतर्गत २०. प्रयोग ज्याने केला त्याला आणि ज्याने शेजाऱ्याची वही उतरवली त्याला वीसपैकी साधारण सारखेच मिळतात.

१३
प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सरांकडे. सर निवडणुकीच्या कामावर.

१४
विज्ञान प्रदर्शन. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब. समोर सातवी-आठवीच्या मुलांची लांब रांग. मागून "चला, चला, पुढे सरका." एकेकाच्या वाट्याला दोन-तीन सेकंद. बहुतेकांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, काहीच दिसलं नाही, आणि "दिसलं" म्हणून पुढे गेले.

एक मुलगी अडून बसली. "मॅडम, मला नुसतं पांढरं दिसतंय." मॅडमनी तिचा हात धरून बारीक स्क्रूवर ठेवला. "हळू फिरव. माझ्यासाठी नको, तुला दिसेपर्यंत फिरव." मुलीने फिरवला, उलटा फिरवला, श्वास रोखला. मग एकदम: "अगं बाई! खोल्या आहेत!" प्रत्येक खोलीत पिवळसर-तपकिरी ठिपका. तिने तोंड वर न काढता विचारलं, "मॅडम, हे सगळे असेच असतात का, का याच कांद्याला?"

रांग खोळंबली होती. मागची मुलं कुरकुरत होती. मॅडमनी रांगेला थांबवलं, त्या मुलीला नाही. त्या दिवशी त्या सभागृहात विज्ञान म्हणण्यासारखं जे घडलं, ते एवढंच.

१५
वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इथे तयार झालेला वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. नाव इंद्रायणी. नदी आपली, कुरवंड्याला उगम पावणारी.

संकर कसा करतात ते एकदा समजून घेतलं. भाताचं फूल उमलण्याआधी त्यातले पुंकेसर चिमट्याने एकेक काढून टाकायचे. लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. मग दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. दाणे धरले की ते पेरायचे, त्यातली चांगली रोपं निवडायची, पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. वर्षांमागून वर्षं. वास टिकला का, उत्पन्न वाढलं का, रोप लोळत नाही ना, ते बघत. एका वाणामागे कुणाच्या नोकरीची कितीतरी वर्षं जातात.

आज मावळात घरोघरी तो भात शिजतो. वासावरून बायका सांगतात, इंद्रायणी आहे की भेसळ. कुसगावातल्या दहावीच्या एका वर्गात विचारलं, हा तांदूळ कुणी तयार केला? "शेतकऱ्यांनी." बरोबर. आणखी कुणी? शांतता. "देवाने?" असंही एकाने विचारून पाहिलं.

ज्यांचा शोध ही मुलं दोन वेळा खातात, ते लोक लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर काम करतात. मुलांना त्यांच्याकडे नेऊन दाखवायला एका सकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

१६
जमशेटजी टाटा १९०४ साली वारले. घाटमाथ्याच्या पाण्यावर वीज, आणि देशात विज्ञानाची एक उत्तम संस्था, ही दोन्ही त्यांची स्वप्नं त्यांच्या मागे पुरी झाली. संस्था १९०९ मध्ये बंगळूरला, वीज १९१५ मध्ये खोपोलीला.

१७
१९३३. त्याच बंगळूरच्या संस्थेत कमला भागवत यांनी अर्ज केला. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत अव्वल आलेली मुलगी. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, जाब विचारायला उभ्या राहिल्या. शेवटी एक वर्ष अजमावून पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. पुढे कमला सोहोनी म्हणून त्यांनी नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं. दुर्गा भागवतांची ही बहीण.

नववीतल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा एकीचा पहिला प्रश्न: "त्यांच्या वडिलांनी जाऊ दिलं?" वडीलही रसायनशास्त्र शिकलेले होते. मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

१८
पाच वर्षं शिकून एमएस्सी, त्यावर बीएड, मग भरतीची परीक्षा. उच्च माध्यमिकला शिक्षण सेवक म्हणून लागलं तर तीन वर्षं महिना २०,००० रुपये. हा आकडाही २०२३ मध्ये वाढवलेला आहे. त्याआधी ९,००० होता. विज्ञान शिकवणाऱ्याला समाज काय देतो, हे मुलं रोज वर्गात समोर उभं असलेलं पाहतात.

१९
दुसरा आकडा. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. शिकण्याचे पैसे मिळतात. कुसगावात हे ज्याला सांगितलं त्याने दोनदा विचारलं, "कर्ज आहे का ते?"

२०
प्रज्ञाशोध परीक्षा, एनटीएसई, २०२१ पासून थांबलेली. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठीची केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद करून इन्स्पायरमध्ये मिसळली. इन्स्पायरची शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये, पण बारावीच्या निकालात अगदी वरच्या टोकाच्या मुलांना. खेड्यातल्या हुशार मुलाला लवकर हेरण्याची जी एक-दोन साधनं होती, ती आपण गमावली. मला याचं फार वाईट वाटतं.

२१
२०२४. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक सूचना: दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुणांनाही उत्तीर्ण करावं, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापास होऊन शाळा सुटणाऱ्यांसाठी यामागचा हेतू चांगला आहे. पण पंधराव्या वर्षी छापलेला शेरा पुसणार कोण?

२२
चिक्कीच्या भट्टीवरचे मामा. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतात, दाताखाली धरतात. कट्ट आवाज आला की कढई खाली. तापमान त्या वेळी दीडशे अंशांच्या आसपास असतं. पावसाळ्यात पाक आणखी पुढे न्यावा लागतो, कारण हवेतलं पाणी चिक्की ओढून घेते, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचा नातू बारावीत आहे. "काय शिकतो?" "कॉमर्स. केमिस्ट्री अवघड जाते म्हणतो."

२३
तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, १९०८. लोकांनी वर्षाला एकेक पैसा देऊन उभा केलेल्या निधीतून. इथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत गेले. मावळ तालुक्यातच. त्या काळी लोक कारखान्यासाठी पैसा देत. आज गावात जत्रेची, मंडळाची वर्गणी जमते, आणि जमावीच. शाळेच्या सूक्ष्मदर्शकासाठी अजून कुणी मागायला आलेलं नाही.

२४
एक्स्प्रेस वेची खोपोलीपासून कुसगावपर्यंतची मिसिंग लिंक, १३.३ किलोमीटर. त्यातला मोठा बोगदा सुमारे ८.९ किलोमीटर. डोंगरातून निघालेला दगड काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कार्ला-भाज्याची लेणी याच खडकात कोरलेली. भूशास्त्र हा विषय बारावी मंडळाच्या यादीत आहे. शिकवणारी कॉलेजं मोजकी. सुरुंगांनी घराच्या खिडक्या हादरल्या की मुलं नेमकं विचारत: खडक कडक आहे तर पाणी कुठून पाझरतं? मला नीट सांगता आलं असतं त्यापेक्षा तो प्रश्न चांगला होता.

२५
जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत: पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि ते उत्तर पाठवत. २० मे २०२५ ला ते गेले. पन्नास पैशांचं ते कार्ड अजून पोस्टात मिळतं.

२६
एक मुलगा. कुसगावच्या शेजारच्या वाडीतला. पदवीला गणित घेतलंय, हट्टाने. शेजारी विचारतात, "गणित घेऊन काय करणार?" तो सांगतो, "गणित."

२७
पत्ते देऊन ठेवतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे; २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांसाठी दारं उघडी असतात आणि गावोगावच्या मुलांचे प्रयोग मांडलेले असतात. वडगावचं भात केंद्र सगळ्यात जवळ. शाळेने आधी पत्र पाठवून वेळ मागावी.

आणि मावळातले जे कुणी बारावी सायन्स, बीएस्सी, एमएस्सी, इंजिनिअरिंग करून आज नोकरीला आहेत, त्यांना एक विनंती. यंदा जून-जुलैत आपल्या आळीतल्या मराठी माध्यमाच्या एका मुलाला किंवा मुलीला अकरावी फिजिक्सचे पहिले दोन धडे मराठीतून समजावून द्या. रविवारचे दोन तास पुरतात. पहिल्या धड्याला शब्द कमी पडतात, दुसऱ्याला गणित. तेवढं ओलांडून दिलंत, तर दिवाळीच्या सुट्टीआधी शाखा बदलायचा अर्ज करायची वेळ त्या पोरावर येणार नाही.